अकरा वेळा चॅम्पियन, तरी तिकिटं शिल्लक

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. हेडफोन घरी राहिले असतील, किंवा लोकलमध्ये शेजारच्याच्या रील्समुळे काही ऐकूच येत नसेल, तर निवांत वाचून काढा.

आजचा प्रश्न तसा साधा आहे. एखादा संघ सतत जिंकतोय, तर त्याची तिकिटं आपोआप विकली जायला हवीत, बरोबर? त्यातही प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटचे बाद फेरीचे सामने असतील तर विचारायलाच नको. पण अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एक बास्केटबॉल संघ होऊन गेला, ज्याने १३ वर्षांत ११ वेळा एनबीएचं विजेतेपद जिंकलं आणि तरी त्याच्या स्टेडियममधल्या खुर्च्या भरेनात. संघाचं नाव बॉस्टन सेल्टिक्स. काळ १९५७ ते १९६९. आणि या सगळ्याच्या मध्यभागी असलेला माणूस, बिल रसेल.

सुरुवात दोन सामन्यांनी करू. १९५७ साली सेल्टिक्स पहिल्यांदाच एनबीएच्या अंतिम मालिकेत पोहोचले. समोर होता सेंट लुईस हॉक्स. ३० मार्चला बॉस्टनमध्ये पहिला सामना झाला. बरोबरी, मग ओव्हरटाइम, परत बरोबरी, परत ओव्हरटाइम. शेवटी हॉक्स १२५–१२३ असे जिंकले. इतका जबरदस्त सामना बघायला स्टेडियममध्ये माणसं होती सुमारे ६ हजार. जागा होत्या १३,९०९. म्हणजे शहराच्या इतिहासातली पहिली बास्केटबॉल फायनल, आणि निम्म्याहून जास्त स्टेडियम रिकामं.

मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. १३ एप्रिल, पुन्हा बॉस्टन, पुन्हा दोन ओव्हरटाइम, आणि योगायोग बघा, स्कोअर पुन्हा १२५–१२३. या वेळी मात्र जिंकले सेल्टिक्स. आणि त्या दिवशी १३,९०९ च्या १३,९०९ जागा भरलेल्या.

पुढची १२ वर्षं हेच चित्र थोड्याफार फरकाने दिसत राहिलं. सगळं पणाला लागलेला सातवा सामना असला की हाउसफुल. १९६२, १९६५, १९६६, या तिन्ही वर्षी बॉस्टनमधले सातवे सामने खच्चून भरले. पण आधीच्या फेऱ्या किंवा रोजचे लीगचे सामने असले, की तिकीटखिडकीवर जाऊन आरामात तिकीट मिळायचं. रसेलच्या काळात सेल्टिक्सच्या घरच्या सामन्यांची सरासरी गर्दी होती ८ हजारांच्या आसपास. हिशेब केला तर दर पाच खुर्च्यांमागे दोन रिकाम्या. आणि हा संघ लागोपाठ आठ वर्षं, १९५९ ते १९६६, चॅम्पियन होता!

बग शोधायचा कसा?

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्याकडे एखादी गोष्ट बिघडली की पहिल्याच कारणावर उडी मारायची नाही, असा नियम आहे. संशयितांची यादी करायची आणि प्रत्येकाला एकच टेस्ट लावायची. इथे तशी टेस्ट आयती मिळते, कारण सेल्टिक्स ज्या इमारतीत खेळायचे, त्याच इमारतीत दुसराही एक संघ खेळायचा.

ती इमारत म्हणजे बॉस्टन गार्डन. नाव गार्डन असलं तरी झाड एक नाही. १९२८ साली उघडलेलं हे इनडोअर स्टेडियम, मुळात बॉक्सिंग डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं. तिथला लाडका संघ होता बॉस्टन ब्रुइन्स, खेळ आइस हॉकी. आपली मैदानावरची हॉकी नाही, बर्फावर स्केट घालून खेळतात ती. एनएचएल या हॉकी लीगमध्ये १९२४ साली दाखल झालेला हा पहिला अमेरिकन संघ, तर सेल्टिक्सचा जन्म १९४६ चा. म्हणजे ब्रुइन्स २२ वर्षांनी थोरले. बास्केटबॉलची लाकडी जमीनसुद्धा बर्फावर अंथरली जायची. ओकच्या लाकडाच्या लहान तुकड्यांची ती प्रसिद्ध नक्षीदार जमीन, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकूड मिळेना म्हणून उरल्यासुरल्या तुकड्यांतून जोडलेली. खेळाडूंच्या पायाखाली लाकूड आणि लाकडाखाली हॉकीचा बर्फ. थोडक्यात, हॉकी घरमालक आणि बास्केटबॉल भाडेकरू.

आता ब्रुइन्सची त्या काळातली कामगिरी बघा. १९६० ते १९६७, सलग आठ हंगाम हा संघ प्लेऑफमध्येच पोहोचला नाही. लीगमध्ये संघ फक्त सहा, त्यांतले चार प्लेऑफमध्ये जाणार, आणि ब्रुइन्स बहुतेक वर्षं सहावे. १९६१-६२ च्या हंगामात ७० पैकी १५ सामने जिंकले. आणि तरीही गार्डनमध्ये जास्त गर्दी कोणाला? ब्रुइन्सना. हरणाऱ्या हॉकी संघाला जिंकणाऱ्या बास्केटबॉल संघापेक्षा जास्त माणसं.

तर आपली टेस्ट ही: जे कारण सांगाल, ते ब्रुइन्सनाही लागू होतं का? होत असेल, तर ते कारण एकट्याने पुरेसं नाही. इमारत जुनी, उकाडा फार? ब्रुइन्सही तिथेच खेळत होते. लोक शहर सोडून उपनगरांत राहायला गेले? ब्रुइन्सचे प्रेक्षकही तेच. ही दोन नावं यादीतून इथेच खोडून टाकू.

संशयित पहिला: त्या काळी बास्केटबॉल छोटाच होता

यात तथ्य आहे. १९५६-५७ साली एनबीएत फक्त आठ संघ होते. आजचा झगमगाट, कोट्यवधी डॉलरचे करार, यातलं काहीच नव्हतं. २ मार्च १९६२ ला विल्ट चेंबरलेनने एकाच सामन्यात १०० गुण केले, तो विक्रम आजही उभा आहे. तो सामना स्टेडियममध्ये बसून पाहिलेल्यांची नोंद आहे ४,१२४. म्हणजे त्या काळात ८ हजार प्रेक्षक ही लाज वाटण्यासारखी संख्या मुळीच नव्हती. लीगमधल्या बऱ्याच संघांना एवढेही मिळत नव्हते.

हे प्रामाणिकपणे मांडायलाच हवं. नुसत्या रिकाम्या खुर्च्या दाखवून 'बॉस्टनने रसेलला नाकारलं' असं कोणी म्हणालं, तर ते घाईचं होईल. पण यातून फक्त एवढंच कळतं की खेळ लहान होता. मग इतर संघ हरत होते म्हणून रिकामे, आणि हा संघ ११ ट्रॉफ्या घेऊनही अर्धामुर्धा भरलेला, असं का? दुसऱ्या ट्रॉफीनंतर नाही, पाचव्या नंतर नाही, आठव्या नंतरही नाही. आलेख वर का चढेना?

संशयित दुसरा: शहर हॉकीवेडं होतं

हा सगळ्यात तगडा संशयित. गंमत म्हणजे बास्केटबॉलचा जन्म याच राज्यातला. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी, बॉस्टनपासून सुमारे १४५ किलोमीटरवर, जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ शोधला. पण बॉस्टनची पोरं मोठी व्हायची ती गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळत. बापाने पोराला ब्रुइन्सला न्यायचं, त्याने पुढे आपल्या पोराला न्यायचं. सवय ही ट्रॉफीपेक्षा चिवट गोष्ट आहे.

सेल्टिक्सचा संस्थापक वॉल्टर ब्राउन स्वतः हॉकीतला माणूस. गार्डनचा कारभार तोच बघायचा, पुढे ब्रुइन्सचा अध्यक्षही झाला. संघ चालवायला त्याने स्वतःचं घर गहाण टाकलं होतं असं सांगतात. रसेल बॉस्टनला आला त्यातही बर्फाचा हात होता म्हणे. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पहिली निवड रॉचेस्टरच्या संघाची होती. ब्राउनने रॉचेस्टरच्या मालकाला शब्द दिला, तू रसेलला सोड, मी माझा बर्फावरच्या नाचाचा 'आइस कॅपेड्स' हा शो तुझ्या गावात पाठवतो. असा हा किस्सा. दुसरी निवड सेंट लुईसची होती. एड मकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू देऊन सेल्टिक्सनी ती मिळवली आणि रसेल बॉस्टनचा झाला. १९५७ च्या फायनलमध्ये हे दोघं समोरून खेळत होते.

तर हॉकीची सवय हे कारण खरं आहे, ते खोडता येत नाही. पण त्यातही एक गोष्ट लक्षात घ्या. 'आमची पोरं' म्हणून लोक ज्या ब्रुइन्सना डोक्यावर घेत होते, ते खेळाडू जवळजवळ सगळे कॅनडातून आलेले! बॉस्टनच्या गल्लीत वाढलेला त्यांत शोधूनही सापडायचा नाही. म्हणजे 'आपला' म्हणायला माणूस गावचा असावा लागतो असं नाही. परदेशातला माणूसही आपला होऊ शकतो. मग रसेल का नाही?

संशयित तिसरा: फार जिंकले म्हणून लोक कंटाळले

हे कारण अर्थशास्त्रज्ञांचं आवडतं. १९५६ साली, म्हणजे रसेल बॉस्टनला आला त्याच वर्षी, सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने बेसबॉलवर एक निबंध लिहिला. मुद्दा असा, की निकाल आधीच ठाऊक असेल तर लोक खेळ बघायला येत नाहीत. १९६४ मध्ये वॉल्टर नील याने हाच विचार पुढे नेला आणि उदाहरण दिलं बॉक्सर जो लुईसचं. चॅम्पियन कितीही मोठा असला तरी त्याची कमाई समोर कोण उभा आहे यावर ठरते. समोर दमदार माणूसच नसेल तर तिकीट कोण काढणार? १९६४ म्हणजे सेल्टिक्सच्या सलग सहाव्या विजेतेपदाचं वर्ष.

ऐकायला एकदम पटतं. १९६४-६५ मध्ये सेल्टिक्स ८० पैकी ६२ सामने जिंकले. मंगळवारी रात्री थंडीत गार्डनला जाऊन ठरलेला निकाल कोण बघणार? रेडिओवर जॉनी मोस्ट आपल्या घोगऱ्या आवाजात कॉमेंट्री करायचा, ती घरबसल्या फुकट ऐकता यायची.

पण दोन अडचणी आहेत. एक, ट्रॉफी कोणाकडे जाणार हे ठरल्यासारखं असलं तरी सामने ठरलेले नव्हते. १९६२ ची फायनल ओव्हरटाइममध्ये सुटली, रसेलने त्या एका सामन्यात ३० गुण आणि ४० रिबाउंड घेतले. १९६५ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धचा सातवा सामना एका गुणाने, ११०–१०९. शेवटच्या क्षणी जॉन हॅवलिचेकने पास पळवला आणि मोस्टची ती कॉमेंट्री इतकी गाजली की तिची रेकॉर्ड निघाली. १९६६ ची फायनल दोन गुणांनी. यात कंटाळवाणं काय होतं?

दोन, आपली टेस्ट लावा. निकाल ठरलेला असला की लोक येत नाहीत, तर मग ब्रुइन्सचाही निकाल ठरलेलाच होता की, हरणार! तरी लोक जात होते. कंटाळा फक्त बास्केटबॉललाच कसा येतो?

संशयित चौथा: बचाव विकला जात नाही

सेल्टिक्सचा पहिला मोठा स्टार रसेल नव्हता, बॉब कूझी होता. जवळच्याच वूस्टरमधल्या होली क्रॉस कॉलेजातून आलेला, पाठीमागून पास देणारा, प्रेक्षकांचा जीव की प्राण. १७ मार्च १९६३ ला त्याच्या निरोपासाठी 'कूझी डे' झाला, तेव्हा गार्डनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कूझी भाषण करताना रडला, त्याच्याबरोबर सगळं स्टेडियम रडलं. तो गेल्यावर संघ जिंकतच राहिला, गर्दी मात्र उतरली.

यावर म्हणता येईल की कूझीचा खेळ दिसायचा, रसेलचा दिसायचा नाही. रसेलची खासियत होती ब्लॉक. समोरच्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवायचा, आणि तोही प्रेक्षकांत न भिरकावता आपल्याच सोबत्याकडे जाईल असा. तिथून लगेच उलटा हल्ला. मौज बघा, एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामापासून, रसेल निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. म्हणजे ज्या कामात तो जगात पहिला होता, त्याचा कॉलमच स्कोअरशीटमध्ये नव्हता. आपण जे मोजत नाही ते आपल्याला दिसतही नाही, हे आयटीत काम करणाऱ्या कोणालाही पटेल.

या कारणातही दम आहे. पण कूझी आणि रसेल यांच्यात फरक फक्त खेळाचा नव्हता, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. कूझी गोरा होता.

संशयित पाचवा

बिल रसेलचा जन्म १९३४ चा, लुईझियाना राज्यातल्या मन्रो गावचा. लहानपणी कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला गेलं. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठासाठी १९५५ आणि १९५६ ची राष्ट्रीय कॉलेज विजेतेपदं, मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक, आणि डिसेंबर १९५६ मध्ये तो सेल्टिक्समध्ये दाखल. लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो पाच वेळा ठरला.

संघ म्हणून सेल्टिक्स काळाच्या पुढे होते. १९५० मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, चक कूपर, त्यांनीच निवडला. डिसेंबर १९६४ मध्ये पाचच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सामना सुरू करणारा पहिला संघ त्यांचाच. १९६६ मध्ये प्रशिक्षक रेड आवरबाख निवृत्त झाला आणि त्याने रसेललाच प्रशिक्षक केलं. एनबीएतला हा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आणि खेळाडू असतानाच प्रशिक्षक. त्या भूमिकेतून त्याने १९६८ आणि १९६९ अशा दोन ट्रॉफ्या जिंकल्या.

शहर मात्र संघाच्या मागे होतं. त्याच शहराच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला १९५९ साली, जॅकी रॉबिन्सनने ती भिंत पाडल्यावर १२ वर्षांनी, आणि मोठ्या लीगमधल्या सगळ्या संघांत शेवटचा. शाळा वरवर सगळ्यांसाठी खुल्या, पण वस्त्या वेगळ्या म्हणून वर्गही वेगळे. जून १९६३ मध्ये कृष्णवर्णीय पालकांनी मुलांना एक दिवस शाळेत न पाठवता निषेध केला, तेव्हा त्या मुलांपुढे बोलायला रसेल गेला होता.

रसेल आपल्या कुटुंबासोबत बॉस्टनच्या उत्तरेला रीडिंग नावाच्या उपनगरात राहायचा. एका रात्री त्याच्या घरात लोक घुसले. ट्रॉफ्या फोडल्या, भिंतींवर वंशद्वेषी शिव्या लिहिल्या आणि पलंगावर विष्ठा टाकून गेले. हे सगळं त्याची मुलगी कॅरेन हिने १९८७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लिहिलं. आता विचार करा. ज्या माणसाने शहराला ट्रॉफी मिळवून दिली, त्याच माणसाच्या घरातली ट्रॉफी शहरातल्या कोणीतरी फोडली.

आणि तिकिटांबद्दल थेट पुरावा? रसेलने आपल्या आठवणींमध्ये सांगितलंय, की गर्दी वाढवण्यासाठी काय करावं असं संघाने चाहत्यांना विचारलं होतं. निम्म्याहून जास्त लोकांचं उत्तर होतं, संघात काळे खेळाडू कमी करा. हे रसेलचं सांगणं आहे, म्हणून त्याच्याच नावावर ठेवू. पण त्याच्या घरच्या भिंतींवर जे लिहिलं गेलं, त्याच्या शेजारी ठेवून वाचलं तर अशक्य वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. हॉकीच्या एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओरी, १९५८ मध्ये ब्रुइन्सकडूनच खेळला. म्हणजे बॉस्टनचा प्रत्येक प्रेक्षक काळा माणूस दिसला की उठून जायचा, असं काही नव्हतं. पण ओरी एनएचएलमध्ये एकूण खेळला ४५ सामने. एक पाहुणा खपवून घेणं वेगळं आणि संपूर्ण संघाचा चेहराच बदलणं वेगळं.

रसेलनेही लोकांना खूश करण्यासाठी स्वतःला वाकवलं नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला प्रदर्शनी सामन्यासाठी संघ गेला. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये त्याच्या दोन कृष्णवर्णीय सोबत्यांना खायला द्यायला नकार मिळाला. रसेल आणि बाकीचे कृष्णवर्णीय खेळाडू सामना न खेळताच विमानाने परतले. पुढे पुढे त्याने सही देणंही बंद केलं. मी खेळण्याचे पैसे घेतो, खेळून दाखवतो, त्यापलीकडे माझं देणं नाही, असा त्याचा बाणा. बॉस्टनचे लोक त्याला गर्विष्ठ म्हणायचे. कूझीची कोणी सही मागितली की तो देणार, हसणार. पण कूझीच्या घरात कोणी रात्री घुसलंही नव्हतं.

मग उत्तर काय?

रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला. १९७० मध्ये ब्रुइन्सनी तब्बल २९ वर्षांनी स्टॅनली कप जिंकला. सेल्टिक्सनी १९७४ आणि १९७६ मध्ये परत ट्रॉफ्या आणल्या. मग १९७९ मध्ये आला लॅरी बर्ड, इंडियाना राज्यातल्या खेड्यातून आलेला गोरा पोरगा आणि अफलातून खेळाडू. आदल्या हंगामात २९ सामने जिंकलेला संघ त्याच्या पहिल्याच हंगामात ६१ जिंकला. डिसेंबर १९८० पासून सेल्टिक्सचे घरचे सामने हाउसफुल व्हायला लागले, ते १९९५ पर्यंत सलग ६६२ सामने. बर्डच्या काळात ट्रॉफ्या आल्या तीन. रसेलच्या काळात अकरा.

इथे लगेच 'बघा, रंगच कारण' असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ऐंशीच्या दशकात टीव्ही बदलला होता, बर्ड विरुद्ध मॅजिक जॉन्सन ही लढत देशभर गाजत होती, एनबीए स्वतःच मोठी झाली होती. १९८४ आणि १९८६ च्या ट्रॉफ्यांच्या वेळी प्रशिक्षक होता रसेलचा जुना सोबती के. सी. जोन्स, तोही कृष्णवर्णीय. काळ सरळ रेषेत चालत नाही. किती टक्के हॉकी, किती टक्के कंटाळा, किती टक्के रंग, असं कोष्टक कोणी करून दिलं तर माझा त्यावर विश्वास बसणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण समजतो की लोक जिंकणाऱ्याचं तिकीट काढतात. बॉस्टन सांगतं की तसं नसतं. लोक 'आपल्या' माणसाचं तिकीट काढतात. आपला माणूस हरला तरी जातात, ब्रुइन्सला गेले तसे. आणि आपला कोण, हे स्कोअरबोर्डवर ठरत नाही. ते आधीच ठरलेलं असतं, घरात, वस्तीत, शाळेत. कॅनडाचा गोरा खेळाडू एका हंगामात आपला होतो आणि ११ ट्रॉफ्या देणारा काळा माणूस १३ वर्षांतही पूर्ण आपला होत नाही. सातव्या सामन्याला स्टेडियम भरायचं, कारण त्या दिवशी शहराची इज्जत पणाला लागलेली असायची. त्या रात्री रसेल शहराचा. इतर दिवशी तो फक्त रसेल.

१२ मार्च १९७२ ला सेल्टिक्सनी रसेलचा ६ नंबरचा शर्ट कायमचा निवृत्त करायचं ठरवलं. असे सोहळे भरलेल्या स्टेडियममध्ये होतात, टाळ्या, भाषणं, बायकापोरं. रसेलने अट घातली की प्रेक्षक नकोत. त्यामुळे दारं उघडण्याआधी, रिकाम्या गार्डनमध्ये, फक्त जुने सोबती आणि आवरबाख यांच्यासमोर तो शर्ट छताला चढला. इतकी वर्षं खुर्च्या रिकाम्या ठेवणं प्रेक्षकांच्या हातात होतं. त्या दिवशी ते त्याच्या हातात होतं. १९७५ मध्ये हॉल ऑफ फेमच्या सन्मानालाही तो गेला नाही, ती अंगठी त्याने स्वीकारली २०१९ मध्ये.

समेट झाला, पण उशिरा. मे १९९९ मध्ये नव्या स्टेडियममध्ये, या वेळी प्रेक्षकांसमोर, त्याचा नंबर पुन्हा एकदा समारंभाने वर चढवला गेला. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. २०१३ मध्ये बॉस्टनच्या सिटी हॉल प्लाझावर पुतळा उभारला. हा तोच चौक, जिथे १९७६ मध्ये शाळांच्या प्रश्नावरून पेटलेल्या आंदोलनात एका गोऱ्या मुलाने अमेरिकन झेंड्याची काठी एका कृष्णवर्णीय वकिलावर उगारली होती आणि त्या फोटोला पुढे पुलित्झर मिळालं. २०१६ मध्ये म्हाताऱ्या कूझीने रसेलला पत्र लिहिलं, की तेव्हा तुझ्या बाजूने मी आणखी उभं राहायला हवं होतं. त्या वेळी कूझी ८७ वर्षांचा होता आणि रसेल ८२ चा. ३१ जुलै २०२२ ला रसेल गेला आणि एनबीएने ६ नंबर सगळ्या लीगमध्ये कायमचा निवृत्त केला.

तेव्हा मंडळी, यापुढे कोणी आकडे दाखवून म्हणालं की 'याला मार्केट नाही, लोकांनाच हा खेळाडू आवडत नाही', तर एक प्रश्न जरूर विचारा: लोकांना म्हणजे नेमकं कोणाला? आणि त्याच छपराखाली ते दुसऱ्या कोणाला डोक्यावर घेतायत? गर्दीचा आकडा खेळाडूबद्दल थोडं सांगतो आणि गर्दीबद्दल बरंच.

आजच्यापुरतं एवढंच. रसेलचे जुने सामने यूट्यूबवर थोडेफार मिळतात, कृष्णधवल आणि धूसर आहेत, पण बघा. त्याचा ब्लॉक बघून झाला की एकदा मागच्या खुर्च्यांवरही नजर टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!